दार नसलेली वाट

पोस्टमनकाका निवृत्त झाले, पण त्यांची सायकल काही निवृत्त व्हायला तयार नव्हती. रोज सकाळी नेमाने आवरून काका अंगणात यायचे, टायर दाबून बघायचे, घंटी वाजवून बघायचे, आणि मग जायचं कुठे हे न सुचल्यामुळे पुन्हा घरात येऊन बसायचे.

"अहो, तिला एकदा सांगून टाका नोकरी संपली म्हणून," काकू म्हणायच्या. "रोज उगाच आशा लावता बिचारीला."

अशा माणसाच्या दारात देवाने काम आणून टाकावं, आणि तेही सायकलचंच, आता याला काय म्हणायचं? शहरातल्या पर्यटन कचेरीने ठरवलं होतं, की स्टेशनपासून वरच्या तळ्यापर्यंत सायकलवाल्यांसाठी एक वाट आखायची. डांबरी नको, खडीचीच हवी. आणि तिच्यावर मोटार, ट्रक, फटफटी, काही म्हणता काही येता कामा नये. हॉर्न ऐकू येणार नाही अशा जागा शोधत शहरातली माणसं म्हणे आगगाडीत सायकल घालून लांब लांब जातात.

"खुळी का काय!" काकू म्हणाल्या. "आम्हाला तर हॉर्न ऐकला की बरं वाटतं, कुणीतरी आलं म्हणून."

इकडच्या वाटा कुणाला ठाऊक, असं कचेरीने विचारलं तेव्हा सगळ्यांची बोटं एकाच घराकडे वळली. काकांनी उभा जन्म या टेकड्यांतून टपाल वाटलेलं. 'पत्ता सापडत नाही' असा शेरा मारून त्यांनी एकही पाकीट कधी परत पाठवलं नव्हतं. या गोष्टीचा त्यांना एवढा अभिमान होता, की देवाशी बोलतानाही ते एखाद्या हाताखालच्या माणसाने वरच्या पोस्टमास्तरांशी बोलावं तसं बोलायचे. आदर पुरेपूर, पण आपल्या कामाबद्दल कमीपणा नाही.

तरी त्यांच्या हुरुपामागे सायकलहून मोठं कारण होतं. ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच बोलत नव्हतं.

त्यांचा मुलगा शहरात छापखान्यात कामाला होता. स्टेशनवर उतरलं की घरी यायला एकच बस. ती बापडी सगळ्या वाड्यावस्त्यांना नमस्कार करत, खिंडीतून धापा टाकत यायची आणि अंधार पडल्यावर पोचायची. सकाळची गाडी गाठायची तर पहाटेच्याही आधी उठावं लागे. म्हणून मुलाने शहरात एक खोली घेतली होती. शनिवारी यायचं, रविवारी दुपारी जायचं. मागच्या खेपेला त्याने बायकोला सरळ सांगितलं, "पोरगी मला पाहुणा समजायला लागलीय. मघाशी मला म्हणाली, तुम्ही चहा घेणार का? तिची शाळा सुरू व्हायच्या आत तुम्ही दोघी तिकडे चला."

सूनबाई लगेच हो म्हणाली नाही. "सायकलवाल्यांची वाट होतेय," ती म्हणाली. "लोक येतील, राहायला जागा मागतील. पुढची खोली मी पाहुण्यांना देते. ती चालली, तर तुम्हीच तिकडचं आवरून इकडे या. नाही चालली, तर बॅग भरते. मग कुरकूर नाही."

तेवढ्यावर नवरा-बायकोचं ठरलं. म्हातारा-म्हातारीला कुणी विचारलं नाही, आणि त्यांनीही शहाण्यासारखं आपलं मत मागितलं गेलं नाही हे लक्षात आलंच नाही असं दाखवलं.

पुढची खोली म्हणजे काका जिथे टपाल लावत बसायचे ती. सूनबाईने भिंतींना फिका हिरवा रंग दिला. दोन खाटा घातल्या, ओले कपडे टांगायला खुंट्या ठोकल्या, खिडकीखाली सायकली टेकवायला आडवं लाकूड बसवलं. रोज ती खाटांवरच्या चादरी नीट करी. त्यांवर अजून कुणी बसलंसुद्धा नव्हतं, तरी करी.

काकांनी चुन्याची बादली आणि कुंचला हँडलला अडकवला आणि कामाला लागले. दगडांवर, कुंपणांच्या खांबांवर, झाडांच्या बुंध्यांवर त्यांनी पांढरे बाण काढले. संध्याकाळी घरी आले की मिश्यांनाही चुना. "आता म्हातारपण दिसेनासं झालं," काकू म्हणायच्या, "सगळंच पांढरं."

सारे बाण काढून झाले, तेव्हा कचेरीतल्या मॅडम वाट बघायला आल्या. दणकट अंगाच्या, हसऱ्या, रुंद टायरच्या सायकलवर बसलेल्या. त्या स्वतः वाटेवर सायकल चालवून बघणार, पसंत पडली तर ती नकाशावर चढणार, असा मामला होता. काका पुढे, मॅडम मागे, असे दोघं स्टेशनवरून निघाले.

पहिला बाण त्यांना शिंपीणबाईंच्या अंगणात घेऊन गेला. घंटी वाजली तशा शिंपीणबाई सुई दातांत धरूनच बाहेर आल्या. "आलं का काही?"

"नाही हो, मी आता वाट दाखवतोय."

"कुणाची?"

"सायकलची."

"बरं. मग बसा, पाणी तरी घ्या."

दुसरा बाण मधवाल्याच्या पेट्यांजवळून गेला. तिथे मॅडमना हेल्मेट घट्ट करावं लागलं. तिसरा एका मोठ्या फाटकातून आत शिरला आणि त्याच अंगणाच्या दुसऱ्या फाटकातून बाहेर पडला.

"इथे आत का यायचं?" मॅडमनी विचारलं. "रस्ता तर बाहेरून सरळ जातोय."

"इथे दोघे भाऊ राहतात, मॅडम. बोलत नाहीत एकमेकांशी. एकाचं पत्र दुसऱ्याकडे दिलं की ते चुलीत जायचं. म्हणून दोन्ही दारं करावी लागतात."

पुढे एका मोकळ्या शेताला बाणांनी भला मोठा वळसा घातला होता. शेतात गवताशिवाय काही नव्हतं.

"आणि हा वळसा?"

"कुत्रा आहे."

"कुठे?"

काकांनी बघितलं. आणि मग त्यांना आठवलं, की तो कुत्रा मरूनही आता कैक वर्षं झाली. चावा मात्र पोटरीवर अजून होता. "होता," ते ओशाळून म्हणाले. "फार वाईट होता."

मॅडमना हसू आवरेना. हसत हसतच त्या पुढे निघाल्या, आणि वळणावरून एकदम डांबरी रस्त्यावर आल्या. त्याच क्षणी खाणीचा ट्रक खिंडीतून खाली येत होता. हॉर्नचा मोठा ओरडा झाला. मॅडमनी ब्रेक दाबला, सायकल आडवी झाली, ट्रकवाला शिव्या देत निघून गेला. धूळ खाली बसेपर्यंत दोघं रस्त्याच्या कडेला उभे राहिले. मॅडमच्या कोपराला खरचटलं होतं. काकांनी खिशातला रुमाल काढून दिला, तो मॅडमनी कोपराला बांधला.

पुढे ओढ्याशी आल्यावर पलीकडे झाडीतून जाणारा एक लांबच लांब सरळ बांध मॅडमना दिसला. "तो बांध कुठे जातो?"

"कुठे नाही."

"कुठे नाही म्हणजे?"

"म्हणजे तिकडे कुणी राहत नाही," काका म्हणाले, आणि पुढच्या दाराकडे वळले.

दुपार कलल्यावर दोघं काकांच्या घरी पोचले. तळं अजून लांबच होतं. हिरव्या खोलीत सूनबाईने चहा आणला. मॅडमच्या पोटात तोवर प्रत्येक अंगणातलं काही ना काही गेलेलं होतं, तरी तिचं मन राखायला त्यांनी कप घेतला. खोली बघितली, खुंट्या बघितल्या, मनापासून वाखाणलं. मग कप खाली ठेवला.

"काका, रागावू नका. तुम्ही वाट नाही आखलीत, टपालाची फेरी आखलीत."

सूनबाई दारात उभी होती, ती तिथेच राहिली.

"लोकांना तळ्याला जायचंय. कुणाच्या घरी जायचं नाहीये. शिवाय तो डांबरी रस्ता दोनदा ओलांडावा लागतो. मी मोठी बाई, मी ब्रेक दाबला. माझ्या जागी पोराबाळांचं कुटुंब असतं तर?" त्यांनी कोपरावरचा रुमाल नीट केला. "दुसरी वाट नसेलच, तर यातले वळसे काढू, रस्त्यावर पाट्या लावू, आणि हीच घेऊ. तुमचं घर राहील वाटेवर. पण मला मनातून आवडणार नाही. पुढच्या आठवड्यात येते. तोवर विचार करून बघा."

त्या गेल्यावर काकू म्हणाल्या, "मला तर चांगली वाटली हो बाई. कुत्र्याचं तेवढं तुमचं चुकलंच."

काकांना त्या रात्री झोप लागली, पण सकाळी उठले ते एक कुसळ मनात घेऊनच. मॅडमनी विचारलं होतं, तो बांध कुठे जातो. आणि त्यांनी, ज्यांनी कधी 'पत्ता सापडत नाही' लिहिलं नाही त्यांनी, बिनदिक्कत सांगितलं होतं, कुठे नाही. खरंच कुठे जातो तो?

तो होता खाणीचा जुना बांध. एके काळी त्यावरून रूळ जायचे आणि दगडाने भरलेले डबे तळ्यापलीकडच्या खाणीतून गडगडत स्टेशनला यायचे. पुढे ट्रक आले, रूळ उखडून नेले, बांधाच्या तोंडाशी काटेरी फांद्या पडल्या त्या पडल्याच. पण इकडच्या प्रत्येक आईने आपल्या पोराला एक दटावणी देऊन ठेवली होती, बांधावर जायचं नाही, डबे येतात. डबे बंद झाले, आया म्हाताऱ्या झाल्या, दटावणी मात्र तरणीताठी राहिली. अजूनही गुरं बांधावर चढली की माणसं आधी कानोसा घ्यायची आणि मग त्यांना हाकलायची. काकांना तर कानोसा घ्यायचीही वेळ आली नव्हती. बांधावर एकही घर नव्हतं. जिथे दार नाही तिथे पत्र नाही, आणि जिथे पत्र नाही ती वाट पोस्टमनच्या लेखी वाटच नाही.

घरामागच्या बागेतून ते ओढ्यापर्यंत गेले, सायकल खांद्यावर घेऊन पाण्यातल्या दगडांवरून पलीकडे उतरले, काट्या बाजूला सारल्या आणि बांधावर चढले. चढल्यावर पहिल्यांदा काय केलं असेल, तर कान टवकारून दोन्ही बाजूंना ऐकलं. मग स्वतःलाच हसले आणि सायकलवर बसले.

आणि काय सांगावं! चाक असं चालायला लागलं, जसं कुणी मागून मायेने ढकलतंय. वर्षानुवर्षं डब्यांच्या वजनाखाली बसलेली बारीक खडी, वर विरळ गवत, चढ असा की गुडघ्यांना कळूसुद्धा नये. भरल्या डब्यांना झेपेल असा उतार जुन्या माणसांनी बांधला होता, तो म्हाताऱ्या गुडघ्यांना का झेपणार नाही? दोन्ही बाजूंना झुडपं, झुडपांत पाखरं. एक कोल्हा वाटेत बसला होता. तो काकांकडे बघून मोठ्या नाराजीने उठला, जणू ही त्याची खासगी वाट होती आणि कुणी आगाऊपणे आत आलं होतं. आणि तो काळ ठरता ठरता राहिलेला डांबरी रस्ता? बांध त्याच्या खालून जात होता, एका दगडी कमानीतून. ट्रक वरून गडगडत गेला, काका खालून. दोघांनी एकमेकांचं तोंडही बघितलं नाही.

तळं इतक्या लवकर समोर आलं, की आपण भलत्याच तळ्याला आलो असं क्षणभर त्यांना वाटलं.

काठावर बसून काका आधी हसले, मग एकदम थांबले. सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं. हीच वाट. मॅडमना हवी होती ती हीच. आणि तिच्यावर शिंपीणबाईंचं दार नाही, मधवाल्याचं नाही, दोघा भावांचं नाही. आपलंही नाही. आपलं घर ओढ्याच्या अलीकडे, बागेच्या आड. बांधावरून जाणाऱ्याला त्याचं छप्परसुद्धा दिसायचं नाही. हिरवी खोली, खुंट्या, त्या चादरी, सगळं वाटेबाहेर. म्हणजे बॅग. म्हणजे शाळा सुरू व्हायच्या आत घरात दोन म्हातारी माणसं आणि एक घड्याळ.

"मास्तर," काका आभाळाकडे बघून म्हणाले, "मी वाट मागितली होती, ती दिलीत. पण ही अशी?"

पाण्यावर वारा फिरत होता.

खोटं बोलायचीसुद्धा गरज नव्हती. नुसतं गप्प बसलं की झालं. मॅडमना बांध कुठे जातो ते ठाऊक नाही, इकडे कुणी त्यावर पाय ठेवत नाही. पाट्या लागतील, लोक घरावरून जातील, सून राहील, नात राहील. काकांनी हे सगळं स्वतःला नीट समजावून सांगितलं, आणि प्रत्येक वेळी शेवटी त्यांना तो हॉर्नच ऐकू आला.

घरी आले तेव्हा सूनबाई अंगणात धुतलेले कपडे वाळत घालत होती. "बाबा, होता कुठे? आणि पायांना हे काटे?"

काकांनी सगळं सांगितलं. बांध, खडी, कमान, तळं. आणि मग घर कुठे राहतं तेही. सांगताना ते दोरीवरच्या टॉवेलकडे बघत होते.

सूनबाईच्या हातातला चिमटा हातातच राहिला. "मॅडमना कळवलंत?"

"नाही. आधी तुला सांगतोय."

"का? मी नको म्हटलं, तर कळवणार नव्हता?"

काका खाली मान घालून उभे राहिले. सुनेने एकदा त्यांच्याकडे बघितलं. मग ओले कपडे तसेच टोपलीत टाकून ती घरात गेली आणि आपली सायकल घेऊन बाहेर आली. "चला. दाखवा मला."

"आता?"

"मग काय, टपालाने पाठवताय?"

चहाचा कप हातात घेऊन काकू दारातून ओरडल्या, "मी एकटीने काय करायचं?"

"आई, कपडे तेवढे वाळत घाला!"

ओढ्यापर्यंत सूनबाई रागातच होती. दगडांवरून सायकल नेताना तिचा पाय पाण्यात गेला, तेव्हा तिने बांध, खाण, कचेरी आणि सासरे या सगळ्यांचा एका दमात उद्धार केला. पण बांधावर चढून दहा-वीस पायडल मारले असतील नसतील, ती गप्प झाली. काका स्टेशनच्या बाजूला निघाले होते. तिकडचा भाग त्यांनीही अजून पाहिला नव्हता. उतार स्टेशनकडेच होता. सायकली आपोआप पळत होत्या. खालच्या अंगालाही डांबरी रस्त्याची एक कमान लागली. वरून ट्रक गेला, कमानीतून माती भुरभुरली. सूनबाईने सायकल थांबवली आणि वर बघितलं.

"त्या दिवशी मॅडम पडल्या, तो हाच रस्ता?"

"हाच. वरच्या वळणावर."

"आपली पोरगी उद्या सायकल शिकेल," ती म्हणाली. "तिला मी कुठल्या वाटेने जाऊ देईन, बाबा?" आणि उत्तराची वाट न बघता म्हणाली, "कळवा मॅडमना. आजच कळवा." तिने नाक पुसलं आणि पुढे निघाली. काका मागून जात राहिले. कमानीतून बाहेर पडताना त्यांच्या छातीवरचं काहीतरी उतरलं होतं आणि काहीतरी तसंच होतं.

झुडपं संपली आणि समोर स्टेशनच्या मालधक्क्याची भिंत आली. फलाटावर एक गाडी उभी होती. सूनबाई ती बघतच राहिली.

"ही कुठली गाडी?"

"शहरात जाणारी. सकाळची."

"सकाळची म्हणजे... ते कधी रविवारी राहिले आणि सोमवारी पहाटे बसने निघाले, की ज्या गाडीला धावतपळत येतात, ती?"

"तीच. आज बरीच उशिरा आलेली दिसते."

"असू दे उशिरा. बाबा, आपण घरून निघालो तेव्हा आईंच्या हातात चहाचा कप होता. तो अजून संपला नसेल."

काकूंच्या चहाची गती लक्षात घेता हे बोलणं काही फार अतिशयोक्तीचं नव्हतं. काकांनी मागे वळून बांधाकडे बघितलं, मग गाडीकडे, मग सुनेकडे. ज्या स्टेशनवरून त्यांनी जन्मभर टपालाची थैली आणली, दारोदार फिरत, कुत्र्याला वळसा घालत, ते स्टेशन घरापासून इतकं जवळ होतं!

"तुमचे चिरंजीव सायकल चालवतात का हो?" सूनबाईने विचारलं. तिच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांत न दिसलेलं काहीतरी होतं.

"चालवायचा. छान चालवायचा. आता पोट सुटलंय त्याचं."

"ते माझ्याकडे लागलं."

मॅडम आल्या आणि त्यांना बांध दाखवला, तेव्हा कमानीखाली त्यांनी लहान पोरीसारखी किंकाळी मारून प्रतिध्वनी ऐकला. तळ्यावर पोचल्यावर कपाळाला हात लावला. "अहो काका, हे आधी का नाही सांगितलंत?"

"मॅडम, इथे दार नाही ना," काका म्हणाले.

मॅडम हसायला लागल्या, पण काकांचा चेहरा बघून थांबल्या. "आणि तुमची ती खोली?"

"ती वाटेबाहेर गेली."

मॅडमनी थोडा विचार केला. ओढ्यावरच्या दगडांपाशी खोलीची एक पाटी लावायला कचेरीची हरकत नसेल, असं त्या म्हणाल्या. लोक वळतील की नाही हे मात्र त्यांना सांगता येईना. उगाच धीर दिला नाही, हे काकांना आवडलं.

त्या शनिवारी सूनबाई काकांची सायकल एका हाताने ओढत, आपल्या सायकलवर बसून स्टेशनला गेली. नवऱ्याला काही कळवलं नव्हतं. काका, काकू आणि नात ओढ्याकाठी जाऊन बसली. ऊन अजून झाडांच्या शेंड्यांवर होतं. काकांना काही सुचत नव्हतं. उठायचे, बांधाकडे बघायचे, बसायचे.

"तुम्ही उठल्याने ते लवकर येणार आहेत का?" काकू म्हणाल्या. "आणि पडला बिडला असेल तर मी आत्ताच सांगून ठेवते, ही कल्पना माझी नव्हती."

मग घंटी ऐकू आली. त्यांच्याच सायकलची. हातावरच्या रेषांइतकी ओळखीची. बांधावरून मुलगा येत होता, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चेहरा लालबुंद, डबा हँडलला लटकलेला. मागून सूनबाई सूचना देत होती, "सरळ! सरळ बघा! खाली नाही!"

"बाबा आले!" नात ओरडली, आणि मग शंका येऊन काकूंना विचारलं, "आज शनिवारच ना? मग उजेडात कसे आले?"

मुलाने पाण्यात पाय सोडले, तोंडावर पाणी मारलं. त्याला बोलायला दम नव्हता. काकूंनी किटलीतून आणलेला चहा तिथेच झाला, नातीने त्याला तिचे सगळे नवे दगड दाखवले, त्याने ते सगळे बघितले, आणि त्यानंतर कुठेतरी खिंडीच्या बाजूने बसचा हॉर्न ऐकू आला. मुलाने मान वर केली. ज्या बसमध्ये तो एरवी असता ती अजून टेकडीवरच होती.

"ही आपली बस?" त्याने विचारलं.

"आपली नाही," सूनबाई म्हणाली. "होती."

त्याने वळून बांधाकडे बघितलं. मग म्हणाला, "परत जाताना उतार आहे, नाही?"

"सगळा उतार," काका घाईने म्हणाले. "म्हणजे संध्याकाळी येताना चढ, पण तो कळत नाही. आणि या दगडांवर मी फळ्या टाकतो. दोघा भावांकडे जुन्या तुळया आहेत. एकाकडची एक, दुसऱ्याकडची एक घ्यावी लागेल, वेगवेगळी मागून."

"बाबा, मी अजून काही ठरवलं नाही."

"मी कुठे म्हणतो ठरव? मी तुळयांचं म्हणतोय."

रविवारी दुपारी जायची वेळ झाली. मुलाने पिशवी भरली नाही. कुणी विचारलं नाही. काकूंनी रात्रीचं जेवण एका माणसाचं जास्त केलं आणि त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. त्यांच्या बाबतीत हे मौन काही लहान व्रत नव्हतं. झोपायच्या आधी सूनबाईने हिरव्या खोलीतल्या चादरी एकदा नीट केल्या. पाटी ओढ्यावर लागली होती, पाहुणे यायचे तेव्हा येतील, न यायचे तर न येतील. या घराचं राहणं आता तेवढ्या एका खोलीवर टांगलेलं नव्हतं.

सोमवारी उजाडल्यावर, पहाटेच्या आधी नाही, चांगलं उजाडल्यावर, मुलगा अंगणात आला. त्याने टायर दाबून बघितले. काका ओट्यावर बसून ते बघत होते. मनातल्या मनात ते वरच्या मास्तरांशी बोलत होते, पण काय बोलत होते ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. डोळे तेवढे पुसले.

सूनबाईने डबा हँडलला अडकवला. नात चहाचा कप दोन्ही हातांनी धरून बाहेर आली आणि मोठ्या अगत्याने म्हणाली, "तुम्ही चहा घेणार का?"

मुलाने चहा घेतला. उभ्या उभ्याच संपवला, कप तिच्या हातात दिला, तिचे केस विस्कटले आणि सायकल फाटकाबाहेर काढली. मग मागे वळून, अगदी रोजचंच असल्यासारखं, तो म्हणाला, "संध्याकाळी येतो."